मित्राचा फोटो पोस्टरवरून काढायचा का?

कॅलिफोर्नियात अकरावीत शिकणाऱ्या एका मराठी मुलाचं हे पत्र. मराठी लिहायला त्याला जड जातं, म्हणून तो सांगत गेला आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून त्याच्याकडे गेलेल्या आजीनं लिहून काढलं. त्याचा जिवलग मित्र शीख आहे. पाचवीत असताना पंजाबातून तिथं आला, शाळेत पटका बांधून येतो. हा मित्र विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला आणि प्रचाराचं काम पत्र लिहिणाऱ्या मुलानं अंगावर घेतलं. पोस्टरं लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन पोस्टरांवर कुणीतरी काळ्या मार्करनं मित्राच्या पटक्यातून बॉम्बची वात काढली, शेजारी एक घाणेरडा शब्द लिहिला. या मुलानं फोनवर फोटो काढून ती दोन्ही पोस्टरं गुपचूप उतरवली आणि मित्राला सुचवलं, ‘नवी पोस्टरं फोटो न टाकता करू. नावही छोटं करू, लोकांना म्हणायला सोपं जाईल.’ मित्र तेव्हा काहीच बोलला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला : ‘मग तूच उभा राहा.’ त्याला चार दिवस झाले, दोघांत बोलणं नाही. मित्रानं अर्ज मागे घेतलेला नाही, पण वर्गातली काही मुलं आता खरंच याला उभं राहायला सांगताहेत. बाबा म्हणतात, मतं हवीत तर थोडं जुळवून घ्यावंच लागतं. आई म्हणते, आपण बाहेरून आलेली माणसं, या भानगडीत पडूच नका. मतदान तीन आठवड्यांवर आहे. मुलगा विचारतो, ‘माझं चुकलं का? आणि आता मी काय करू?’ खाली आजीनं स्वतःची एक ओळ जोडली आहे : ‘पोरगं चार दिवस धड जेवलेलं नाही.’

*

आजीनं वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत. अक्षर सगळीकडे टपोरं आणि एकसारखं आहे. फक्त ‘बॉम्ब’ या शब्दाआधी शाईचा एक मोठा ठिपका पडलाय. तिथं तिचा पेन थांबला असणार. मीही तिथंच थांबले, आणि पुढचं वाचायला मला वेळ लागला.

तुला मित्राला दुखवायचं नव्हतं, हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतं. तो जिंकावा म्हणूनच तू ते सुचवलंस. पण तुझ्या सुचवण्यामागे एक गृहीतक आहे, ते आपण दोघं मिळून तपासू. तू धरून चाललास की अडचण फोटोत आहे. फोटो गेला की अडचण गेली, मग मुलं मोकळ्या मनानं मत देतील. खरंच असं होतं का?

तुझ्याच राज्यात हे एकदा घडून गेलंय. शाळेत तुला शिकवलं असेल की नाही कोण जाणे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दलीप सिंग सौंद १८९९ साली अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवडी गावात जन्मले. १९२० मध्ये अमेरिकेला गेले, ते फळं टिकवून डबाबंद करण्याचं तंत्र शिकायला. दोन-चार वर्षांत परत यायचं आणि इथं कारखाना काढायचा, असा बेत होता. बर्कलीला स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्यानं चालवलेल्या वसतिगृहात ते राहिले. शिकता शिकता गणिताकडे वळले आणि १९२४ मध्ये गणितात पीएच.डी. झाले. डॉक्टरेट हातात होती, पण भारतीय माणसाला प्राध्यापकाची नोकरी द्यायला कुणी तयार नव्हतं. मग ते दक्षिणेला, मेक्सिकोच्या सरहद्दीलगतच्या इम्पीरियल व्हॅलीत गेले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीवर मुकादम झाले. उन्हाळ्यात तिथं आपल्या चंद्रपूरसारखं ऊन पेटतं. गणितातला डॉक्टर त्या उन्हात कापसाची वजनं लिहीत उभा होता. पुढे त्यांनी स्वतः शेती केली, कधी पीक साधलं, कधी बुडालं. आजूबाजूचे शेतकरी त्यांना ‘डॉक’ म्हणायला लागले.

राजकारणात यायचं तर आधी नागरिक असावं लागतं, आणि तेच दार बंद होतं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगत सिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही, त्यामुळे त्याला नागरिकत्व मिळणार नाही. हे थिंडही शीखच, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेले. सैन्यात चाललं, नागरिक म्हणून चाललं नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं अशा माणसांना शेतजमीन विकत घेण्याचीही बंदी होती. म्हणजे सौंद ज्या मातीत राबत होते ती त्यांच्या नावावर होऊ शकत नव्हती, आणि ज्या देशात मुलंबाळं झाली तिथं मत देता येत नव्हतं.

इथं तुझ्या आईचं वाक्य आठवलं. आपण बाहेरून आलेली माणसं. सौंद हे म्हणून गप्प बसले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण १९४२ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसोबत इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका उभी केली, तिचे अध्यक्ष झाले, आणि कायदा बदलावा म्हणून मागणी लावून धरली. असेच प्रयत्न करणारे आणखीही भारतीय होते. १९४६ मध्ये कायदा बदलला. १९४९ च्या डिसेंबरात सौंद नागरिक झाले. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून एकोणतीस वर्षांनी.

लगेच पुढच्या वर्षी ते वेस्टमोरलंड या छोट्या गावात न्यायाधीशाच्या पदाला उभे राहिले. तिथं हे पद निवडणुकीनं भरतात. ते निवडून आले, पण नागरिक होऊन वर्ष पुरं झालेलं नव्हतं, म्हणून पद मिळालं नाही. १९५२ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्या प्रचारातला प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय, आणि तुला सांगायचा आहे तो हाच. गावातल्या एका असामीनं चारचौघांत मोठ्यानं विचारलं, ‘डॉक, तू निवडून आलास तर तुझ्या कोर्टात यायला आम्हाला पगड्या तू पुरवणार, की आमच्या आम्ही विकत घ्यायच्या?’ सौंद शांतपणे म्हणाले, माणसानं डोक्यावर काय घातलंय याची मला फिकीर नाही, डोक्याच्या आत काय आहे तेवढं मी बघतो.

उत्तर चोख आहे. पण तुला त्या उत्तराआधीचा प्रश्न दाखवायचाय. सौंदांच्या डोक्यावर पगडी नव्हतीच. अमेरिकेत त्यांनी ती ठेवली नव्हती. त्या काळातले त्यांचे फोटो बघ : सूट, टाय, उघडं डोकं, गुळगुळीत दाढी. तरी टोमणा पगडीवरूनच आला. ज्याला टोचून बोलायचं होतं त्याला डोक्यावर कापड असण्या-नसण्यानं काही फरक पडला नाही.

मग तुझ्या पोस्टरवरचा फोटो काढून काय साधणार? मार्कर ज्याच्या खिशात आहे त्याला तुझा मित्र कोण ते ठाऊक आहे. रोज एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात ती मुलं. फोटो नसला तर तो नावावर लिहील. फरक एवढाच पडेल की आपल्याला नेमकं काय लपवायला सांगितलं गेलं, हे तुझ्या मित्राच्या कायमचं लक्षात राहील. आणि ते सांगणारा मार्करवाला नव्हता, तू होतास.

हे मी तुला हिणवायला लिहीत नाही. मी स्वतः हेच केलंय. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना माझी मैत्रीण एल.आर.च्या, म्हणजे मुलींच्या प्रतिनिधीच्या, निवडणुकीला उभी होती. आमच्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ‘आडनाव काय?’ असा येतो आणि तो कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहीत असतं. तुझ्या आजीला विचार, ती सांगेल. मी मैत्रिणीला म्हटलं, पोस्टरवर नुसतं पहिलं नाव लिहू, सुटसुटीत दिसतं. ती बरं म्हणाली. ती निवडून आली. ऑफिसनं नोटीस बोर्डावर टाइप केलेली यादी लावली, तिच्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं होतं. आम्ही दोघी बघायला गेलो. आमच्यापुढे दोन मुली उभ्या होत्या, आदल्या दिवशी हिला मत देऊन हात मिळवून गेलेल्या. एकीनं यादीवर बोट ठेवलं आणि दुसरीला म्हणाली, ‘अच्छा, या त्या होय.’ मैत्रिणीनं ऐकलं. मीही ऐकलं. आम्ही तशाच मागे वळलो आणि जिन्यावरून उतरताना एकमेकींकडे बघितलं नाही. जिंकलेली मुलगी होती ती, आणि त्या सबंध वर्षात मी तिला त्या यादीसमोर पुन्हा उभी राहिलेली बघितली नाही. सुटसुटीत दिसतं, हे माझे शब्द मला अजून बोचतात. तुझं ‘म्हणायला सोपं जाईल’ त्यांचंच भावंड आहे.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, चुकलं. हेतू चांगला होता तरी चुकलं. पण ही चूक दुरुस्त करता येण्यासारखी आहे आणि तुझ्या हातात तीन आठवडे आहेत.

बाबांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. निवडणुकीत जुळवून घ्यावं लागतंच : वेळा, भाषा, मुद्दे, कुणाला आधी भेटायचं, कुणाचं ऐकून घ्यायचं. सौंदांनीही घेतलं. पगडी न ठेवणं हेही त्यांचं जुळवून घेणं असेल, आणि त्यांच्यावर काय काय दडपण होतं ते आज इथं बसून मोजण्याचा अधिकार मला नाही. पण तो निर्णय त्यांचा होता, डोकं त्यांचं होतं. दुसरा निर्णय घेणारीही माणसं आहेत. १९७० च्या दशकात पंजाबातून कॅनडाला गेलेले गुरबक्ष सिंग मल्ही १९९३ मध्ये तिथल्या संसदेत निवडून गेले ते पगडीसह, आणि पगडी बांधलेले तिथले ते पहिले खासदार ठरले. न्यू जर्सीत होबोकन शहरात २०१७ मध्ये रवी भल्ला महापौरपदाला उभे होते. मतदानाला थोडे दिवस उरले असताना त्यांचा पगडीतला फोटो आणि दहशतवादाचा उल्लेख असलेली पत्रकं गावात फिरली. तुझ्या पोस्टरवरची वात आणि ती पत्रकं एकाच डोक्यातून निघाल्यासारखी वाटतात. भल्लांनी ते लपवलं नाही, पत्रक उघडपणे लोकांसमोर ठेवलं आणि द्वेषाला जिंकू देऊ नका असं सांगितलं. ते निवडून आले. पटका ठेवायचा, फोटो टाकायचा, नाव आखूड करायचं की लांबलचक लिहायचं, हे ठरवायला तुझा मित्र आहे. तू विचारू शकतोस. ठरवून टाकू शकत नाहीस.

आता ‘तूच उभा राहा’ म्हणणारी मुलं. त्यांना आजच्या आज नाही म्हण. मित्रानं स्वतः अर्ज मागे घेतला, शांत डोक्यानं तुला भेटला, आणि तू उभा राहिलास तर मला बरं वाटेल असं आपल्या तोंडानं म्हणाला, तरच विचार कर. तो मेसेज म्हणजे परवानगी नव्हती. तो राग होता, आणि रागाखाली बरंच काही होतं.

पोस्टरांचा विषय मात्र तुम्हा दोघांपुरता ठेवायचा नाही. तू ती गुपचूप उतरवलीस, तेही मित्राला वाचवायलाच. पण त्यामुळे शाळेच्या लेखी काही घडलंच नाही. सुदैवानं फोटो तुझ्या फोनमध्ये आहेत. तारीख, जागा, वेळ लिहून काढ आणि मित्राची संमती घेऊन समुपदेशक किंवा मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या. कॅलिफोर्नियात धर्म, वंश किंवा राष्ट्रीयत्वावरून होणाऱ्या छळाची तक्रार नोंदवून चौकशी करणं सरकारी शाळांना बंधनकारक आहे. हे चुगली करणं नव्हे. आईची भीती खोटी नाही हेही लक्षात ठेव : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा शहरात एका शीख पेट्रोल पंपमालकाला पगडीपायी गोळी घालून मारलं, आणि २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वाऱ्यात बंदूकधारी शिरला होता. मित्राच्या आईला हे सगळं पाठ असणार. म्हणून मोठ्या माणसांना अंधारात ठेवून धाडस करू नका. तुझ्या आईलाही सांग की तू भांडायला निघालेला नाहीस, लेखी तक्रार द्यायला निघाला आहेस. तेवढ्यानं तिचा जीव थोडा भांड्यात पडेल.

आणि प्रचार. १९५६ मध्ये सौंद अमेरिकी काँग्रेसला उभे राहिले तेव्हा समोर जॅकलिन कॉक्रन होत्या. आवाजाचा वेग ओलांडणारी जगातली पहिली महिला वैमानिक, श्रीमंत, नावाजलेली, प्रचाराला स्वतःचं विमान उडवत जाणारी. सौंदांच्या घरचे आणि स्नेही दारोदार फिरले, मतदारांची नावं नोंदवली, उंबऱ्यावर उभं राहून बोलले. आणि सौंद जिंकले. काँग्रेसमध्ये गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे आणि पहिले शीख सदस्य. पुढे आणखी दोनदा निवडून आले. टेमेक्युलाच्या एका पोस्ट ऑफिसला आज त्यांचं नाव आहे, कधी त्या बाजूला गेलात तर बघून ये. मला त्या विजयात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मत देणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांनी पंचवीस-तीस वर्षं या माणसाशी खताचे भाव बोलले होते, चर्चमध्ये आणि क्लबात त्याची भाषणं ऐकली होती. पगडीवाला प्रश्न त्यांच्यासमोर आला तेव्हा त्यांना डॉक आधीपासून माहीत होता.

तुझ्या मित्राला शाळेत किती मुलं अशी ओळखतात? त्यानं कुणाला गणित समजावलं, कुणाला गाडीतून सोडलं, कुणाबरोबर फुटबॉलच्या सरावाला पहाटे आला? कागद घे आणि नावं लिही. तुला वाटतंय त्याहून यादी मोठी निघेल. पोस्टरापेक्षा ही यादी कामाची आहे. रोज डबा खाण्याच्या सुट्टीत वेगळ्या टेबलावर दहा मिनिटं बसायचं, आणि जास्त वेळ समोरच्याचं ऐकायचं. त्याला शाळेत काय बदलायचंय ते त्यानं बोलावं. शीख म्हणजे काय, पटका का, केस किती लांब, या प्रश्नांची उत्तरं देत दिवसभर उभं राहणं हे त्याचं काम नाही. कुणी खरंच उत्सुकतेनं विचारलं तर त्याला वाटलं तर सांगेल, नाही तर नाही. टोमणा मारणाऱ्यासाठी एक वाक्य त्यानं आधीच तयार ठेवावं, त्याच्या स्वभावाला साजेसं, आणि ते तू लिहून द्यायचं नाहीस. तुझं काम, टोमणा आला की त्याच्या शेजारून हलायचं नाही.

हे सगळं करूनही तो हरू शकतो. किंवा आता मला उभंच राहायचं नाही असं म्हणू शकतो. तसं म्हणाला तर त्याला शूरपणावर भाषण देऊ नकोस. रोज सकाळी आरशासमोर पटका बांधून त्याच शाळेत जायचं, हे तो पाचवीपासून करतोय.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही थोडं सांगते. पुण्यात ईशान्येकडून शिकायला आलेली तुमची वर्गमैत्रीण असेल, नाशिक-नागपूरच्या हॉस्टेलात आडनाव सांगताना अडखळणारा रूममेट असेल. तो किंवा ती कशाला तरी उभी राहू बघते आणि तुम्ही मदतीला आहात. काय झाकलं म्हणजे बरं, हे सुचवायची घाई करू नका. आधी विचारा, तुला काय दाखवायचंय?

आता जेवून घे, आणि उद्या त्याच्या घरी जा. मेसेज नको. गेल्यावर चपला बाहेर काढ, त्याच्या आईला नमस्कार कर. आजीला घेऊन गेलास तर फारच छान. ती नामदेवांचे अभंग म्हणत असेल, आणि त्याच नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. दोन घरांत बोलायला विषय शोधावा लागणार नाही. मग मित्राला एकट्याला गाठ आणि माफी माग. ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द त्यात नकोत. ‘मी तुला लपायला सांगितलं, ते चुकलं,’ एवढं पुरे. तो लगेच बोलेलच असं नाही. थांब.

पहिल्या पोस्टरची फाइल अजून तुझ्याच लॅपटॉपवर आहे असं पत्रात लिहिलंयस. ती पेन ड्राइव्हवर घे, त्याच्या हातात दे, आणि छापायची की नाही ते त्याला ठरवू दे.